सरमिसळ

शाल्मलीने नाटकासाठी केलेलं गाणं तिला संगीत शिकवणाऱ्या गोविलकर सरांना ऐकवलं. तिने एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाज रेकॉर्ड केला होता आणि दुसऱ्यात ढोलकी बसवून दोन्ही जोडलं होतं. त्याच नाटकासाठी सरांनीही गाणं केलं होतं. पण वीस वर्षांत त्यांना तिच्या गाण्यासारखं काही जमलं नव्हतं. ते आतून जळले.

"अशी सरमिसळ चालत नाही," ते म्हणाले. "सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये नव्याने कर."

तिने केलं. गाणं सपक झालं आणि दिग्दर्शकाने सरांचं निवडलं.

पेढे घेऊन अभिनंदनाला शाल्मलीच सगळ्यांत आधी आली. सरांनी हातातला पेढा परत डब्यात ठेवला.

"तुझं पहिलं गाणं दे गं, मी दिग्दर्शकांना ऐकवतो."

"ते तर पुसून टाकलं, सर," ती हसून म्हणाली. "तुम्हाला आवडलं नव्हतं ना."