समाधीमागचा मांडव

निफाडची द्राक्षबाग विकून आम्ही नाशकात फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि ह्यांना एकाएकी देशभक्ती सुचली. दर रविवारी इस्त्रीचा सदरा घालून गावातल्या एका जुन्या नेत्यांच्या समाधीच्या दर्शनाला! पंधरा ऑगस्टला कधी झेंड्यापाशी न दिसलेला माणूस. आज मी म्हटलं, "मीही येते." तर म्हणाले, "तुझं काय काम तिथं?" तेव्हाच मनात पाल चुकचुकली. गेटवर गार्डच्या ड्रेसमधली एक ठसठशीत बाई उभी. "या नाना, आज उशीर केला?" ह्यांच्या पिशवीला तिने हातही लावला नाही; माझी मात्र रुमालासकट तपासली. मी चपला काढून समाधीवर फूल वाहीपर्यंत हे गायब. शोधत समाधीमागच्या नेत्यांच्या जुन्या बंगल्यामागे गेले. तिथे मांडवावर द्राक्षाचा वेल, नेत्यांनी स्वतः लावलेला म्हणतात. त्याखाली आमचे हे, आमच्याच बागेतली कात्री घेऊन छाटणी करत उभे. "वाळून चालला व्हता गं," चोरासारखे म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. मग मी वर पाहिलं. आमच्या बागेत हे छाटत पुढे जायचे आणि मागून मी वेलाच्या काड्या तारेला बांधत यायचे. इथे अर्ध्या मांडवाच्या काड्या बांधूनही झाल्या होत्या. "ह्या कोणी बांधल्या?" "गेटवरच्या सरितानं. पिंपळगावची लेक हाये, हात लय सफाईचा तिचा." मी पदर खोचला, ह्यांच्या पिशवीतली सुतळी काढली आणि सरिताची पहिली गाठ सोडायला घेतली.