तहाचा मुहूर्त

"तह झाला. आता शब्द पाळा," सखुबाई म्हणाल्या आणि गूळपाण्याचा तांब्या त्यांनी विठ्ठलरावांच्या पुढ्यात जरा आपटूनच ठेवला.

शब्द विठ्ठलरावांचाच होता. काबूलची लढाई चालू आहे तोवर मुलगी रतन देणार नाही. तह होईल त्या दिवशी बोलू. माणूस शब्द देतो तो असा लांबचा दिवस बघूनच. पण तो दिवस ज्येष्ठातच उगवला, आणि सखुबाईंनी शीळला निरोप धाडून मुलीच्या बापाला ठाण्याला बोलावून घेतलं.

ओटीवर सखुबाईंचे यजमान गोविंदराव बसले होते. तोफखान्याचे पेन्शनर. दोन्ही कान तोफेला दिलेले, म्हणून कोण काहीही बोललं तरी हसून मान डोलवायचे. त्यांच्या शेजारी निकोलस, पलीकडच्या घरातला, कलेक्टर कचेरीतला कारकून. त्याला साक्षीला बसवलेलं. आतल्या दारात धाकटी जाऊ रखमाबाई सुपात तांदूळ निवडत होती. कपाळ मोकळं. वय तीस-बत्तीस, पण घरात ती बोलली तर लोकांना दचकायला व्हायचं.

"सही झाली?" विठ्ठलरावांनी निकोलसला विचारलं.

"सही झाली, शिक्का झाला. काबूलचा अमीर आपल्या पायांनी छावणीत आलेला. आता आपला साहेब काबुलात राहणार, आणि अमिराला सरकारातून दरसाल सहा लाख."

"म्हणजे जिंकलो आपण आणि देणारेही आपणच?"

"देणाऱ्याचं दुःख तुम्हाला कळायचंच," सखुबाई म्हणाल्या. "मुलीचे बाप तुम्ही."

विठ्ठलराव हसले. गोविंदरावही हसले.

"पण बाई, तुमचा उत्तम पलटणीबरोबर कंदाहारला. लग्न लावू कुणाशी?"

"पलटण दिवाळीपर्यंत हलायची नाही. इकडे चातुर्मास लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाही. आणि तोवर कल्याणचं स्थळ तुमच्या अंगणात येऊन बसेल, मला ठाऊक नाही होय? आमच्यात मुलगा लढाईवर असला की तलवारीशी लग्न लावतात. तलवार पाटावर उभी करायची, मुंडावळ्या बांधायच्या, मध्ये अंतरपाट. पोरगी तोवर तुमच्याकडेच राहू दे."

"नऊ वर्षांची आहे. चिंचोके खेळते अजून."

"खेळू दे की. तलवार काय आड येते?"

विठ्ठलरावांनी कल्याणच्या स्थळाचं नाकारलं नाही. "तलवार तरी दाखवा," ते म्हणाले.

आढ्याला लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी उभं टांगलेलं होतं. रखमाबाई सूप ठेवून उठली. "तू नको हात लावूस, रखमे. शुभकार्य आहे," म्हणत सखुबाईंनीच चौरंगावर चढून ते खाली काढलं. फडकं सोडलं. आत नुसतं म्यान निघालं.

"पातं सत्तावन्नच्या बंडानंतर सरकारजमा झालं. म्यान नको म्हणाले."

"मग नवरदेव?"

"हाच. तह झालाय ना? आता पातं हवंय कुणाला?"

निकोलसला हसू आवरलं नाही. विठ्ठलरावांनी मात्र म्यान हातात घेतलं. बाजारात भांडं घेतानाची त्यांची रीत ठरलेली: उलटं करायचं आणि बुडावर टिचकी मारायची. तशीच त्यांनी इथेही मारली. म्यानाच्या तोंडातून सहा-सात तांदूळ घोंगडीवर पडले.

"दर दसऱ्याला पुसते हो मी," सखुबाई घाईने म्हणाल्या. "उंदरांचं काम असेल."

"उंदीर तांदळाला कुंकू लावत नाहीत, जाऊबाई," रखमाबाई दारातून म्हणाली.

विठ्ठलरावांनी एक दाणा उचलून उजेडात धरला. रंग विटून मातकट झाला होता, पण होता.

"कुणाच्या लग्नातल्या अक्षता?"

"माझ्या. इराणवर पलटण गेली होती, तेव्हाच्या. तेव्हाही तह झालेला. सही झाली का, असं माझ्या बापानं दोनदा विचारून घेतलं. झालेली होती. पण पलटणीला ती खबर वेळेवर पोचली नाही. तहाला बावीस दिवस झाले आणि त्यांनी लढाई दिली. वैशाखात माझं लग्न लागलं, या म्यानाशी. पातं होतं तेव्हा आत. हे त्या लढाईत जाऊन तेव्हा महिना झालेला." ती सुपापाशी खाली बसली. "हळद उतरायच्या आत पत्र आलं."

तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

विठ्ठलरावांनी घोंगडीवरचे दाणे वेचले, एकेक करून म्यानात सोडले आणि म्यान सखुबाईंच्या हाती दिलं. मग टोपी घातली.

"शब्द मोडत नाही, बाई. रतन या घरची. कल्याणकरांना आजच नाही म्हणून कळवतो. पण लग्न पोराशी लावीन. तो या ओटीवर चढेल त्यानंतरच्या पहिल्या मुहूर्ताला."

सखुबाईंना हवं ते सगळं मिळालं होतं. एरवी त्यांनी नारळ, पानसुपारी, मुलाकडची माणसं किती, हे सगळं तिथल्या तिथे ठरवून टाकलं असतं. आज त्या म्यान घेऊन तशाच खाली बसल्या. विठ्ठलरावांची गाडी वळली, बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब गेला. गोविंदराव ठरलं या समजुतीने हसत, ज्याला त्याला साखर वाटू लागले.

"निकोलस," सखुबाई म्हणाल्या, "कंदाहारला खबर पोचली असेल ना रे?"

"आता तार असते, मावशी. तेव्हासारखं नाही."

"होय. तार असते."

त्यांनी म्यान मांडीवर उभं धरलं, त्याच्या तोंडावर तळहात घट्ट ठेवला, आणि गोविंदरावांनी पुढे केलेली साखर घ्यायलाही तो उचलला नाही.