कुंपणावरच्या गुलाबी फिती

दाट धुक्यातून पुढची गुलाबी फीत दिसली आणि घैसासांच्या पायांत पुन्हा जोर आला. पन्नास किलोमीटरच्या या डोंगरी शर्यतीत गेली तीन वर्षं ते शेवटून पहिले येत होते. आज मात्र तासभर झाला, त्यांना मागे टाकून कुणीही पुढे गेलं नव्हतं. चढ संपून वाट सपाट झाली होती. आयोजकांनी सकाळीच बजावलं होतं, "फीत दिसतेय तोवर डोकं चालवू नका, पाय चालवा."

घैसासांनी डोकं मुळीच चालवलं नाही. दर आठ-दहा मिनिटांनी एक खोप लागायची आणि दारातून घोंगडी पांघरलेले आजोबा हात करायचे. इकडचे म्हातारे सगळे एकसारखेच दिसतात, असं त्यांना वाटून गेलं.

सातव्या आजोबांपाशी ते पाणी प्यायला थांबले. "पहिला नंबर किती पुढं गेला, आजोबा?"

"कसला नंबर? मगाधरनं तुम्ही एकलेच माझ्या मक्याभवती फिरताय."

"मग या फिती?"

"त्या व्हय! पळणारे समदे गेले म्हनून झाडांच्या सोडून आणल्या, कुंपणाला बांधल्या. माकडं बुजतील म्हटलं. पर त्यांना कसलं भ्या!"

घैसास मटकन बांधावर बसले. आजोबांनी त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि जरा लाजतच विचारलं,

"तुम्ही फिराय लागल्यापासनं मातर एक माकड खाली उतरलं न्हाई. काढणीला पंधरा दिवस हायेत. तोवर जमंल का?"