ऐकणाऱ्याची सही

फॉर्मच्या शेवटच्या रकान्यापाशी भावकू आप्पांचं पेन थांबलं.

डिसेंबरचा शेवटचा दिवस. खानापूरच्या वाचनालयात नव्या वर्षाचे वाचनसंकल्प लिहून घेणं चाललं होतं. नाव, गाव आप्पांनी झरझर लिहिलं. पुस्तकं किती? पन्नास. कसली? जाडी. शेवटचा रकाना मात्र यंदा नवा होता. दर महिन्याला एक पान कुणाला वाचून दाखवणार, त्याचं नाव. आणि खाली त्याच्या बारा सह्यांसाठी बारा चौकोन.

हा रकाना आपल्यामुळेच आला, हे आप्पांना ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी त्यांनी एकशे बारा पुस्तकं वाचल्याचं लिहून दिलं होतं. जांबोटीच्या रानात बससमोर गवा बसला, तो उठेपर्यंत चार कादंबऱ्या झाल्या, आणि पाचवी रंगात आली तेव्हा कंडक्टरच म्हणाला, गव्याला एवढ्यात हाकलू नका, शेवट कळू दे. असा सगळा त्यांचा हिशेब. तेव्हापासून वाचनालयाच्या विनोदिनीबाईंनी साक्षीदार मागायचं ठरवलं.

आप्पांनी रकान्यात लिहिलं : रवळू.

हे कोण, बाईंनी विचारलं. घरचाच, आप्पा म्हणाले. ऐकायला लई चांगला. डोळे मिटून ऐकतो, मध्ये शब्द बोलत नाही, कविता असली की मान हलवतो. एकदाच काय तो वाचन चालू असताना उठून गेला होता, आणि ते पुस्तक खरोखरच भिकार होतं. सहीचं विचारल्यावर आप्पांनी शाईचा पॅड मागितला, जरा मोठा.

"अंगठा न्हवं बाई, खूर."

रांग हसली. बाईही हसल्या, पण बैल चालणार नाही म्हणाल्या. माणूसच हवा. घरातल्या दुसऱ्या कुणाचंही नाव घाला.

आप्पांनी पेनाला टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

मागे आप्पांच्याच गावचे, जांबोटीचे मारुतीराव उभे होते. हसले नव्हते ते एकटेच.

"भावकू," ते हळू आवाजात म्हणाले, "तुझा बैल दिवाळीतच गेला की रं."

हसणं विझलं. आप्पांनी मागं वळून पाहिलं नाही.

"व्हय," ते म्हणाले. "आता तर मधनं उठूनबी जात न्हाय."

त्यांनी फॉर्मची घडी घातली आणि खिशाकडे नेली. बाईंनी तिचं दुसरं टोक धरलं. जानेवारीचं पान आत्ताच वाचा म्हणाल्या, ऐकणारी मी. वाचनालयाची बाई चालत नाही असं फॉर्मवर कुठं लिहिलंय?

आप्पांनी टेबलावरचं हाताला लागलं ते पुस्तक उघडलं, चष्मा पुसला, खाकरले आणि सुरू झाले.

एका बैलाचा मालक दिवाळीत मेला. तरी बैल रोज दिवेलागणीला गोठ्यात कान उभे करून बसायचा. पुस्तक घेऊन कुणी येईना. मग ऐकलेलं जेवढं आठवेल तेवढं तो स्वतःच मनात म्हणायला लागला. नाही आठवलं तिथं पदरचं घालायचा. सकाळी म्हणायचा, रात्री म्हणायचा, कारण थांबला की गोठा फार मोठा वाटायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, रवंथ करतोय.

रांगेत कुणी पुढं सरकलं नाही. मारुतीराव चपलेचा अंगठा निरखत राहिले.

पुस्तक मधमाशीपालनाचं होतं. त्याला कव्हर विनोदिनीबाईंनीच घातलं होतं. बैल त्यात कुठंच नव्हता.

बाईंनी फॉर्मची घडी उलगडली, जानेवारीच्या चौकोनात सही केली आणि पेन खाली ठेवलं. आप्पा अजून वाचतच होते. नजर पुस्तकावर, पण मघापासून त्याच पानावर.

"आप्पा," बाई फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "पान उलटा."