मुरलीचा करगोटा

प्लेटलेट अठरा हजार. यकृत सुजलेलं, मूत्रपिंडं संपावर, फुप्फुसांत पाणी. एकेका अवयवाने अंग काढून घेतलं होतं आणि कशामुळे, ते एकही रिपोर्ट सांगत नव्हता. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, लेप्टोही नाही.

"मल्टिऑर्गन फेल्युअर लिहा आणि मोकळे व्हा," मोठे डॉक्टर सकाळच्या राउंडला म्हणाले.

गिरिधरला ते पटलं नाही. हे काही आजाराचं नाव नव्हे, आपण हात टेकल्याची कबुली. चेन्नईच्या या इस्पितळात डॉक्टर म्हणून त्याला जेमतेम दोन महिने झाले होते, पण हट्ट जन्मापासूनचा होता. हा पोरगा असा बिननावाचा जाऊ द्यायचा नाही, एवढं त्याने ठरवलं.

पोरगा मुरली, वय चोवीस. तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये, सड्याफटिंग माणसांच्या खोल्यांत राहणारा. मॅन्शनच्या मॅनेजरने त्याला रिक्षातून आणून सोडलं आणि जो गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवसापासून अंबुजाम्मा नावाच्या एक बाई अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर येऊन बसू लागल्या. वॉचमनने वहीत 'आई' असं लिहिलं.

गिरिधरला फोनवर घरी बोलताना ऐकून त्यांनी तंजावरी मराठीतच विचारलं होतं, "पोरगा कसा अहे, डाक्टर?" तेव्हापासून त्या रोज तेवढंच विचारत.

त्या दुपारी गिरिधरने मुरलीला पुन्हा नखशिखान्त तपासायला घेतलं. काखा, जांघा, कानामागे, केसांत. कुठे किडा चावल्याची खूण? नाही. राहिली कंबर. अंगाला सूज चढल्यामुळे जाड काळा करगोटा कातडीत रुतून बसला होता. त्याने कात्री मागितली.

सिस्टर श्रीदेवीने ती दिलीच नाही. "आधी आईला विचारा, डॉक्टर. जिवंत माणसाचा करगोटा कापत नाहीत. तो मेल्यावरच निघतो."

गिरिधरच्या घरीही हेच सांगत. नाइलाजाने तो बाहेर गेला. आई रडणार, देवाच्या आणा घालणार, म्हणून त्याने चार वाक्यं मनात जुळवून ठेवली होती.

"अम्मा, मुरलीच्या कमरेला..."

"कापा."

"पण अम्मा, आपल्यात तो..."

"ठाऊक अहे मला. कापा म्हटलं ना! बोलत काय उभे राहिलात?"

अशी आई लाखात एक, असं वाटून त्याला भरून आलं.

करगोट्याखाली मिरीएवढी काळी खपली होती. स्क्रब टायफस! गवतातला डोळ्यांना न दिसणारा किडा चावला होता. त्याने अंगात सोडलेल्या जंतूंशी लढता लढता शरीराची राखणदार सेनाच बेफाम झाली होती आणि आपलंच रक्त खात सुटली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी. गिरिधरने तासाभरात डॉक्सिसायक्लिन सुरू केलं, त्या बेफाम सेनेला आवरायला स्टेरॉइडही. मोठ्या डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. त्याने तिकडे पाहिलंच नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. लघवी सुटली. सहाव्या दिवशी घशातली नळी निघाली आणि मुरली फाटक्या आवाजात म्हणाला, "अम्मा."

गिरिधर जवळजवळ पळतच बाहेर गेला. "अम्मा, चला आत! तुमचा मुरली हाक मारतोय!"

अंबुजाम्मांनी दोन्ही हात जोडले. डोळे वाहत होते. त्या उठल्या, पण दाराकडे वळल्या नाहीत.

"त्याची आई येत्ये, डाक्टर. मॅन्शनवाल्याच्या हातापाया पडून नंबर काढला मी. आत्ताच तांबरम स्टेशनला उतरली ती."

"त्याची आई? मग तुम्ही कोण?"

"हा एकटा अहे असं कळलं, म्हणून येऊन बसले. गेल्या वर्षी माझा तरुण पोरगा इथंच होता. तेव्हाचे डाक्टर पण असेच आले विचारायला, करगोटा कापू का म्हणून." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मी नको म्हटलं."