डायल एकवर

ट्रेमध्ये बर्फाचा फक्त पापुद्रा धरला होता. बोट टेकवलं की खालचं पाणी हलत होतं. फ्रीझरमधली सुरमई मऊ पडली, म्हणून तेजलने हातखंब्याहून फ्रीज दुरुस्त करणाऱ्या सम्यकला बोलावलं होतं. त्याने दाराचं रबर तपासलं, कॉम्प्रेसरला हात लावून पाहिला, मग आतल्या डायलकडे बघून हसला.

"ओ काकी, फ्रीज ठणठणीत आहे. डायल एकवर ठेवलात तर बर्फ जमणार कसा? पाचवर करू?"

"नको. ह्यांचं इन्सुलिन गोठून वाया जातं," तेजलची आई सवयीने म्हणाली.

सम्यकने फ्रीजच्या दारातला इन्सुलिनचा खोका उचलून वाचला. "ह्याची तारीख कधीच उलटली. काका नसतात इथे?"

"मुंबईला असतात," तेजल म्हणाली. "दर वर्षी सांगतात, गणपतीला येतो, मग इथेच राहतो."

"आणि?"



आईने खोका त्याच्या हातातून घेतला आणि कचऱ्याच्या बादलीत टाकला.



"पाचवर कर," ती त्याच आवाजात म्हणाली. "आणि तेजल, बाबांना फोन लाव. म्हणावं, आता येऊ नका."