अंतऱ्यानंतरचं हसू

पॉपस्टार उर्वीच्या आवाजाची संगणकानं घडवलेली प्रत आता एकटीच इतरांच्या गाण्यांत पाहुणी म्हणून गाऊन यायची. उर्वीनं नंतर ऐकून फक्त होकार द्यायचा. आजचं गाणं मात्र तन्मयचं होतं, तिला सोडून गेलेल्या नवऱ्याचं. अंतरा संपला आणि तिचाच आवाज लाजून हसला.

"या सटवीला हे हसू कोणी शिकवलं? मी अशी कधी हसलेच नाही!" ती ध्वनिमुद्रक नंदनवर कडाडली.

"ताई, आवाज समोरच्याबरोबर गाता गाता शिकतो," नंदन चाचरला.

"काढून टाक."

"तन्मयदादांचा निरोप आहे. गाणं रद्द झालं तरी चालेल, हसू काढायचं नाही."

उर्वी फणकाऱ्यानं उठली. घरी जाऊन तिनं दार लावून घेतलं आणि ते हसू गळ्यात बसवायला घेतलं.